सुई टोचण्याआधीचे सहा आठवडे

भाचेबुवा,

ऑफिसच्या चेकअप पॅकेजात यंदा तुझ्यासाठी पीएसए घातलंय म्हणालास, आणि फोनवर एवढंच विचारलंस, "मामा, उपाशीपोटी जायचं का?" नाही. पीएसएला उपास लागत नाही. पोहे खाऊन गेलास तरी आकडा तोच. पॅकेजात साखर आणि लिपिड असणार, त्यांच्यासाठी लॅबवाले उपाशी बोलावतील, म्हणून जा उपाशी. पण त्याचं पुण्य पीएसएच्या खात्यात जमा होत नाही.

लॅबच्या खिडकीपलीकडे माझा जन्म गेला. प्रोस्टेटच्या तपासणीला आलेला माणूस हटकून उपासाचंच विचारायचा. गेल्या महिन्यात लघवीला जळजळ होती, अँटिबायोटिक घेतलं, आता रक्त दिलं तर चालेल का, असं विचारणारा क्वचित. रात्री जेवलो नाही हे लोक अभिमानाने सांगतात. केसांसाठी गोळी चालू आहे हे बायकोलाही सांगत नाहीत. या तपासणीत किंमत आहे ती नेमकी या दुसऱ्या माहितीला. म्हणून हे सविस्तर लिहितोय. तू वाच, आणि तुझ्या वयाच्या मित्रांनाही दे.

आधी पीएसए म्हणजे काय ते. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीला वेढून बसलेली प्रोस्टेट ही ग्रंथी. वीर्य पातळ राहावं म्हणून ती एक प्रथिन बनवते, तेच पीएसए. त्यातलं अगदी थोडं रक्तात झिरपतं आणि आपण मोजतो ते तेवढंच, एका मिलीलीटरमागे किती नॅनोग्रॅम. हे प्रथिन कॅन्सरचं नाही, ग्रंथीचं आहे. कॅन्सर झाला तरी जास्त झिरपतं, वयोमानाने ग्रंथी फुगली तरी झिरपतं, जंतुसंसर्ग झाला तरी, आणि नळीचा किंवा दुर्बिणीचा धक्का लागला तरी. दारातला कुत्रा चोर आला तरी भुंकतो आणि पोस्टमन आला तरी भुंकतो, तसं हे. तपासणीची तयारी म्हणजे त्या सकाळी पोस्टमन दाराशी उभा नसेल एवढं बघणं.

सगळ्यात लांबची मुदत सहा आठवड्यांची. लघवीत इन्फेक्शन झालं असेल तर कोर्स पुरा होऊ दे, आणि त्यानंतर सहा आठवडे जाऊ देत. संसर्गात हा आकडा कित्येक पटींनी चढतो, आणि ताप उतरला, जळजळ थांबली म्हणून तो त्याच आठवड्यात उतरत नाही. मधुमेहींनी याकडे जास्त लक्ष द्यावं, कारण त्यांना लघवीचं इन्फेक्शन अनेकदा फारसा गाजावाजा न करता होतं. तेव्हा पीएसएच्या आधी लघवीची साधी तपासणी करून घेतलेली बरी. पॅकेजात ती असते, पण रक्त आणि लघवी एकाच सकाळी जातात नि दोन्ही रिपोर्ट एकाच संध्याकाळी मोबाइलवर येऊन पडतात. एका पानावर 'पस सेल्स'पुढे वीस-पंचवीस लिहिलेलं, दुसऱ्या पानावर पीएसएचा आकडा ठळक अक्षरांत. घरचे दुसरं पान धरून रडतात, पहिलं कुणी उलटत नाही. ते पहिलं पान शून्य ते पाचच्या आत असेल आणि लघवीचा काही त्रास नसेल, तर पीएसएला हरकत नाही. जास्त असेल तर आधी त्याचा निकाल लावायचा, मग रक्त.

लघवीला नळी घातली असेल, दुर्बिणीने तपासलं असेल, प्रोस्टेटचा तुकडा काढला असेल, तरी साधारण तेवढंच थांबायचं. तुझ्या वडिलांचं आठवत असेल. दाजींची लघवी तुंबली, रात्रीत कॅथेटर घालावा लागला, आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डातून गेलेल्या रक्ताच्या चिठ्ठीवर कुणीतरी पीएसएपुढेही खूण केली होती. आकडा चढा आला, दुसरं काय होणार? ताईने दोन दिवस धड जेवण केलं नाही. मूत्राशय तुंबलेलं, नळी आत, अंगात ताप. ती वेळच या तपासणीची नव्हती. नळी निघाल्यावर महिना-दीड महिन्याने परत केली तेव्हा आकडा खाली बसला. दवाखान्यात भरती असलेल्या माणसाची पीएसए कुणी लिहिली, तर "डॉक्टर, ही आत्ताच लागणार आहे का?" एवढं विचारायला लाजू नये. कधीकधी खरंच लागते. बरेचदा लागत नाही.

आता दोन दिवसांचं पथ्य. मामा-भाच्यात हा विषय निघत नाही, म्हणून तो लिहिलेला बरा. रक्त देण्याआधी ४८ तास वीर्यपतन होऊ द्यायचं नाही, बायकोबरोबर नाही, एकट्यानेही नाही. त्याने पीएसए थोडं वर जातं. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत जागेवर येतं. आकडा हद्दीच्या अलीकडे-पलीकडे घोटाळत असेल तर तेवढा फरक माणसाला एमआरआयच्या दारात नेऊन उभा करतो. खिडकीवरची मुलगी हे विचारत नाही, पेशंट सांगत नाही, आणि बहुतेकांची तपासणी रविवारनंतरच्या सोमवारी असते. दोन रात्रींचं ब्रह्मचर्य पन्नाशीत कुणाला जड जाऊ नये.

तेच ४८ तास सायकल आणि जिमही बाजूला. सायकलच्या सीटने पीएसए खरोखर किती वाढतं यावर अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे वाढलेलं दिसलं, कुठे नाही. पण ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने डॉक्टरांना दिलेल्या यादीत सायकलसारख्या जोरकस व्यायामाचं नाव आहे, आणि दोन दिवस सायकल भिंतीला टेकवून ठेवण्यात तुझं काही जात नाही. पंढरपूरची सायकलवारी करून आलास आणि दुसऱ्या सकाळी हात पुढे केलास, असं मात्र नको. चालणं, जिने, सूर्यनमस्कार नेहमीसारखे असतील तर खुशाल.

डॉक्टर बोटाने गुदद्वारातून प्रोस्टेट तपासतात, त्याचाही थोडा परिणाम होऊ शकतो. फार नाही. तरी रक्त आधी आणि बोट नंतर हा क्रम लावून घ्यायला पैसे पडत नाहीत. चेकअपच्या दिवशी फाइल घेऊन या खोलीतून त्या खोलीत पाठवतात, तेव्हा पहिली खोली रक्ताची निवड.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र नीट कान दे, कारण वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी आकडा खोटा वाढवतात आणि ही एक तो खोटा उतरवते. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड नावाचं औषध देतात. ते सहा महिने ते वर्षभर घेतलं की पीएसए साधारण निम्म्यावर येतं. म्हणजे रिपोर्टवर ३ छापून आलं, तर डॉक्टर ते मनात ६ धरतात. पण गोळी चालू आहे हे त्यांना ठाऊक असेल तरच. आपल्याकडे ही गोळी पुष्कळदा टॅम्सुलोसिनबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये असते. पेशंटला विचारलं तर तो म्हणतो, "लघवीची गोळी चालू आहे." कोणती? "ती रात्रीची." नुसती टॅम्सुलोसिन असेल तर पीएसएला धक्का लागत नाही, जोडगोळी असेल तर लागतो. म्हणून पाकिटावरचं मोठं नाव सांगू नकोस, मागच्या बाजूला बारीक अक्षरांत जे घटक छापलेले असतात त्यांचा मोबाइलवर फोटो काढ आणि तो डॉक्टरांना दाखव. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करायची नाही. बंद करून आकडा 'खरा' येईल असं काहींना वाटतं. तो यायला महिने लागतात, आणि मधल्या काळात लघवी तुंबली तर पुन्हा नळी आणि पुन्हा सहा आठवडे. अशी गोळी घेणाऱ्याचं पीएसए एकदा खाली जाऊन मग हळूहळू चढू लागलं, तर ते चार या नेहमीच्या हद्दीच्या आत असलं तरी डॉक्टरांना दाखवायचं.

टक्कल पडू नये म्हणून तरुण मंडळी घेतात तीही फिनास्टेराइडच, फक्त कमी ताकदीची. तीही आकडा खाली आणते. तू घेतोस की नाही ते मला सांगायची गरज नाही. डॉक्टरांना सांग.

केस-नखांसाठीच्या गोळ्यांमध्ये बायोटिन भरपूर असतं. काही यंत्रांची मोजणी बायोटिनवरच बेतलेली असते, त्यामुळे रक्तात ते जास्त झालं की निकाल चुकतो; पीएसएच्या बाबतीत तो खोटा कमी येऊ शकतो. बायोटिनने रक्ततपासण्यांत असा घोळ होतो हा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ सालीच दिला होता. अशी गोळी चालू असेल तर लॅबला आधी फोन करून किती दिवस थांबवायची ते विचारून घे. बाकी चूर्ण, काढे, वाळलेल्या मुळ्या, जिममध्ये मित्राने दिलेलं इंजेक्शन, जे काही असेल ते चिठ्ठीवर लिहून ने. त्यातल्या टेस्टोस्टेरॉनचा या ग्रंथीशी थेट संबंध आहे.

अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर ती या तपासणीसाठी थांबवू नकोस. रक्त काढणाऱ्याला सांग आणि नंतर कापूस पाच मिनिटं दाबून धर. हात कोपरात दुमडून बसतात लोक, त्याने उलट तिथे काळंनिळं होतं. हात सरळ ठेवायचा, बोटाने दाबायचं.

त्या सकाळचं बाकी थोडक्यात. पाणी पिऊन जा, शीर चटकन सापडते. बीपीची गोळी नेहमीच्या वेळी. साखरेसाठी उपाशी असशील तर मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन नाश्त्याच्या वेळी घ्यायचं का, ते आदल्या दिवशी तुझ्या डॉक्टरांना विचार. लॅबच्या मुलाला नाही. घरी सॅम्पल न्यायला माणूस आला तर ट्यूबवर चिकटवलेलं नाव आणि वय तो निघायच्या आधी स्वतः वाच. तुमच्या मजल्यावर दोन देशपांडे असले की हे का सांगतोय ते कळेल. मुठी वळून आपटत बसू नकोस, रबरी पट्टा फार वेळ बांधून ठेवू देऊ नकोस. आणि पुढच्या वेळी याच लॅबमध्ये जा. दोन कंपन्यांच्या यंत्रांवर एकाच माणसाचा आकडा वेगळा येऊ शकतो. गेल्या वर्षी २.८ नि यंदा ३.४ आलं तर त्यातली वाढ प्रोस्टेटची की यंत्राची हे मग कोण सांगणार? सवलतीच्या मागे लागून दरवर्षी नवी लॅब धरणाऱ्यांची फाइल मी बघितलीय. चढउतार भरपूर, अर्थ शून्य.

आता त्याहून आधीचा प्रश्न. ही तपासणी तू करावीस का? पॅकेजात आहे, पैसे कंपनी भरते, हे कारण होत नाही. सुई टोचायच्या आधी ठरवायला हवं की आकडा वर आला तर पुढे जायची तयारी आहे का. पुढे एमआरआय असू शकतो, बायोप्सी असू शकते, आणि त्यात कधीकधी असा कॅन्सर सापडतो, जो आयुष्यभर झोपून राहिला असता. तो सापडल्यावर ऑपरेशन किंवा रेडिएशन केलं तर लघवीवरचा ताबा आणि पुरुषाची ताकद, दोन्हींवर परिणाम होऊ शकतो. हे कुणी आधी सांगत नाही.

या तपासणीवरून जगभर भांडण आहे, आणि ते खुळचट नाही. प्रोस्टेटमधल्या या जातीच्या प्रथिनावर १९७० मध्ये काम केलेले अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड एब्लिन यांनीच २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सरसकट पीएसए तपासण्याला कडाडून विरोध केला. अमेरिकेत १९८६ साली या तपासणीला परवानगी मिळाली ती कॅन्सर झालेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी. धडधाकट माणसात शोध घेण्यासाठी ती १९९४ मध्ये मिळाली. २०१२ मध्ये तिथल्याच तज्ज्ञ समितीने 'नका करू' म्हटलं आणि २०१८ मध्ये '५५ ते ६९ वयात डॉक्टरशी बोलून ज्याचं त्याने ठरवावं' असं सुधारलं. सत्तरीनंतर सरसकट करू नये, हा त्यांचा सल्ला कायम राहिला. दुसऱ्या बाजूला युरोपातल्या आठ देशांत दीड लाखाहून जास्त पुरुषांवर चाललेल्या अभ्यासाचा २३ वर्षांचा हिशेब २०२५ मध्ये आला. ज्यांना तपासणीला बोलावलं त्यांच्यात प्रोस्टेट कॅन्सरने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. आकड्यात सांगायचं तर ४५६ पुरुषांना बोलावल्यावर एक मृत्यू टळला. हा एक मृत्यू आपल्या घरातला असेल तर तो लहान आकडा नाही, आणि उरलेल्या ४५५ जणांना काय सोसावं लागलं हेही विसरण्यासारखं नाही.

आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर तपासतात; प्रोस्टेटचा नाही. म्हणजे इथे तपासणी होते ती पॅकेजवाल्यांच्या आग्रहाने किंवा शेजाऱ्याला निघालं म्हणून. माझं मत विचारशील तर पन्नाशी ओलांडलेल्या, तब्येतीने बऱ्या माणसाने एकदा डॉक्टरांशी बोलून, समजून उमजून करावी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, हृदयाची दोन ऑपरेशनं झालेल्या आजोबांना मुलाने हौसेने पॅकेज भेट द्यावं आणि त्यात ही असावी, हे मला पटत नाही. ज्याला त्रास होतोय, लघवीत रक्त येतंय, कंबरेचं हाड सतत दुखतंय, वजन उतरतंय, त्याची गोष्ट वेगळी. त्याने चेकअपची वाट न बघता थेट युरोलॉजिस्ट गाठायचा. तिथे वय बघायचं नाही.

घराण्यात कुणाला होता का, हा प्रश्न डॉक्टर विचारतीलच. वडील किंवा सख्ख्या भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर असेल तर धोका दुपटीच्या आसपास जातो आणि पन्नाशीची वाट न बघता पंचेचाळिशीतच, कधी त्याही आधी, डॉक्टरांशी बोलायला हवं. आई, मावशी, बहीण यांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा झाला असेल तर तेही सांगायचं. एकच जनुकीय दोष दोन्हींमागे असू शकतो. लोकांना वाटतं बायकांच्या आजाराचा पुरुषांच्या ग्रंथीशी काय संबंध. असतो.

पण आपल्या घरांची अडचण अशी की कुणालाच नक्की काही माहीत नसतं. "बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं" एवढंच ठाऊक. कॅन्सरसाठी की नुसती गाठ वाढली म्हणून? दाजींच्या ऑपरेशनचंही तेच. माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांची जुनी फाइल असेल, ती काढ. दुर्बिणीतून खरवडून काढलेले तुकडे पॅथॉलॉजीला जातात, त्याचा एक कागद असतो, त्यावर निदान एका ओळीत लिहिलेलं असतं. त्या ओळीत 'हायपरप्लेसिया' असेल तर ती साधी वाढ. 'कार्सिनोमा' असेल तर तो कॅन्सर, आणि मग तुझ्या तपासणीचा सगळा रंग बदलतो. आणखी एक सांगतो, दाजींच्याच उपयोगाचं. खरवडून काढतात ती आतली अडचण. बाहेरची ग्रंथी जागेवरच राहते. "आमची प्रोस्टेट काढलीय, आता काय व्हायचं" असं म्हणणाऱ्या पुष्कळांची ती काढलेली नसते.

समज, केलीस आणि रिपोर्ट आला. पहिलं म्हणजे तो फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस. चारच्या वर आकडा गेला की छापणारं यंत्र तो ठळक करतं, आणि ठळक अक्षर बघितलं की शिकागोच्या आत्याबाईंपर्यंत फोन फिरतात. ती चारची हद्द सगळ्या वयांना सारखी लागू नाही. पन्नाशीत साडेतीन, साठीत साडेचार, सत्तरीत साडेसहा अशी वयाप्रमाणे चढती हद्द कित्येक डॉक्टर धरतात. आकडा जास्त आलेल्या चारांपैकी साधारण तिघांना कॅन्सर नसतो. उलटही लक्षात ठेव: आकडा ठीक आलेल्या सातांपैकी एकाला तो असू शकतो. म्हणून 'नॉर्मल' आला म्हणून पेढे वाटायचे नाहीत आणि त्रास असेल तर तो दडपायचा नाही.

वाढलेला आला तर सगळ्यात आधी तीच तपासणी काही आठवड्यांनी, हेच पथ्य पाळून, त्याच लॅबमध्ये पुन्हा. पुष्कळांचा दुसऱ्या वेळी खाली येतो. लघवी स्वच्छ असताना, जळजळ-ताप काही नसताना, नुसता आकडा उतरवायला कुणी अँटिबायोटिकचा कोर्स लिहून दिला तर "कशासाठी?" असं विचार, जाणत्या युरोलॉजिस्टांच्या संघटनांचा त्याला विरोध आहे. चार ते दहाच्या दरम्यान असेल तर फ्री पीएसए सुचवतील. त्यात मोकळ्या पीएसएचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर असेल तर कॅन्सरची शक्यता कमी, १० च्या खाली असेल तर जास्त. हे मोकळं पीएसए नुसत्या ठेवण्याने लवकर कमी होतं, म्हणून ते रक्त गावच्या कलेक्शन सेंटरवर न देता जिथे यंत्र आहे तिथे जाऊन द्यावं. दिवसभर एसटीच्या टपावर फिरून आलेल्या खोक्यातलं सॅम्पल मी हातात घेतलेलं आहे.

दुसऱ्यांदाही वर आला तर बायोप्सीच्या आधी एमआरआय करता येईल का ते विचार. पूर्वी आकडा दिसला की थेट सुया घालायचे. आता आधी चित्र काढतात, त्याला एक ते पाच असे गुण देतात, आणि चित्र साफ असेल तर बरेचदा बायोप्सी टळते. बायोप्सी करावी लागलीच तर स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक नीट मागून घे. दुसरं मत घ्यायला मुंबईला टाटाला जावं लागलं तर पहिल्या खिडकीवर तेच मागतात.

आणि निघालाच कॅन्सर, तरी त्या आठवड्यात ऑपरेशनची तारीख घ्यायची नाही. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरता मर्यादित कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांना तीन वाटांवर लावलं: काहींचं ऑपरेशन, काहींना रेडिएशन, काहींवर नुसतं बारकाईने लक्ष. १५ वर्षांनी बघितलं तर तिन्ही गटांत मिळून सुमारे ९७ टक्के माणसं या कॅन्सरने गेलेली नव्हती. सगळ्यांचा कॅन्सर असा सौम्य नसतो, काहींना घाई करावीच लागते, ते ग्रेड बघून डॉक्टर सांगतील. पण थांबून लक्ष ठेवणं हाही उपचारच आहे आणि तो मागायचा तुला हक्क आहे.

ट्रंक काढशील तेव्हा दाजींच्या फाइलचे फोटो काढून तुझ्या धाकट्या भावालाही पाठव. तो इंग्लंडात असतो. तिथे पन्नाशी झालेल्या पुरुषाने मागितलं तर समजावून सांगून ही तपासणी सरकारी दवाखान्यातून फुकट करून देतात, पण बोलावणं कुणी पाठवत नाही, ज्याचं त्याने मागावं लागतं. वडिलांना काय झालं होतं हे त्याला तिथला डॉक्टर पहिल्याच भेटीत विचारेल, आणि त्याचं उत्तर तुमच्या माळ्यावर आहे. या रविवारीच काढ.

तुझा,
मामा